राउटर आणि जिगने लाकडाचा नेमका गोल कापायचा कसा

गोल कापताना सगळ्यांची नजर फिरणाऱ्या बिटवर असते आणि गोल बिघडतो तो मधल्या खिळ्यापाशी. राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने, म्हणजे बिटने, लाकूड कोरणारं मशीन, आणि जिग म्हणजे ते खिळ्याभोवती गोल फिरवणारी पट्टी. खिळा भोकात अर्धा मिलिमीटर जरी हलला तरी फेरी जिथे सुरू झाली तिथे पुन्हा येऊन मिळत नाही, जोडावर पायरी पडते. मग ती पायरी घासून काढताना उरलासुरला गोलही जातो. म्हणून या लेखात कापण्यापेक्षा जिग आणि खिळा यांवर जास्त जागा दिली आहे. तेवढं जमलं की प्रत्यक्ष कापणं दहा मिनिटांचं काम आहे.

उदाहरणाला तीन कामं धरली आहेत: १८ मिमी प्लायचा ६०० मिमी व्यासाचा टीपॉयचा टॉप, सागवानी पोळपाट, आणि खिडकीच्या प्लायमध्ये एक्झॉस्ट पंख्याचं भोक. नागपुरात कूलर लावला की एक्झॉस्ट लागतोच, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो. त्यामुळे हे तिसरं काम कधी ना कधी दारात येतंच.

काय काय लागेल

सुतार ज्याला ट्रिमर म्हणतात तो छोटा राउटर या कामाला पुरतो. मोठा, खाली दाबून बिट आत घालता येणारा प्लंज राउटर असेल तर काम सोपं होतं, पण केवळ गोलासाठी तो घ्यायची गरज नाही.

बिट घेताना दांडा मोजून घ्या. ट्रिमरचा कॉलेट, म्हणजे बिटचा दांडा आवळणारी पकड, ६ मिमीचा असतो किंवा पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमीचा. दिसायला दोन्ही सारखेच. ६ मिमी दांडा पाव इंची कॉलेटमध्ये आवळला तर आवळल्यासारखा वाटतो आणि चालू मशीनमध्ये सुटतो. मोठ्या राउटरमध्ये हाच घोळ १२ आणि १२.७ मिमीचा असतो. दुकानात मोजायला व्हर्नियर (बारीक मापाची पकडपट्टी) मागा, लाजू नका.

गोलासाठी ६ मिमीचा सरळ, दोन धारांचा कार्बाइड बिट घ्या. त्याच्या खालच्या टोकालाही धार हवी, नाहीतर तो लाकडात उतरत नाही, नुसता घासून जाळतो. भुसा वर फेकणारा स्पायरल बिट महाग पडतो, पण कड बघितली की पैसे कुठे गेले ते कळतं. सागवानात सिलिका असतो, त्यामुळे धार लवकर मरते. सागवान रोजचंच असेल तर साध्या हायस्पीड बिटच्या वाटेला जाऊ नका.

धार किती लांब हवी याचा हिशेब आधी करा. जिगची जाडी ६, प्लाय १८, कामाखाली ठेवलेल्या रद्दी फळीत १, म्हणजे बिट जिगच्या वरच्या पातळीपासून किमान २५ मिमी खाली उतरला पाहिजे. लांबी कमी पडते म्हणून दांडा कॉलेटमधून बाहेर ओढणं हा सगळ्यात धोकादायक जुगाड आहे. कमीत कमी २० मिमी दांडा आत राहिलाच पाहिजे.

बाकी सामान: ४ मिमीचं ड्रिल आणि तसंच एक जुनं, बोथट झालेलं ड्रिल (कशाला ते पुढे येईल), स्टीलची पट्टी, काटकोन बघायचा गुण्या, सी-क्लॅम्प, मास्किंग टेप, डबल टेप, चष्मा आणि एन-९५ मास्क. सागवानाच्या बारीक भुश्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, शिंका येतात. तोंडाला नुसता रुमाल बांधून तो भुसा अडत नाही.

लाकूड आणि प्लाय नागपूरच्या लकडगंजात मिळतं. तिथे सी.पी. टीक म्हणून जे सागवान विकतात ते आपल्याच मुलखातलं, सी.पी. म्हणजे जुना मध्य प्रांत. प्लाय घेताना कडेकडून बघा. मधल्या थरात पोकळी असेल तर बिट त्या जागी झटका खातो आणि कडेवर खड्डा दिसतो. टीपॉयला आयएस ३०३ (भारतीय मानकाचा क्रमांक) चा साधा प्लाय चालतो. एक्झॉस्टच्या खिडकीला मात्र ऊन, पाऊस आणि कूलरची ओल तिन्ही लागतात, तिथे आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लाय लावा.

जिग

जिग म्हणजे एक पट्टी. तिच्या एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाकडे खिळा. बाजारात तयार मिळते, पण घरी केलेली जास्त नेमकी निघते, कारण तिची भोकं तुमच्या मशीनला आणि तुमच्या बिटला मोजून पाडलेली असतात.

पट्टीला ६ मिमी हायलम शीट (बेकेलाइटसारखी कडक शीट) उत्तम. ती वाकत नाही, फुगत नाही. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात कापून मिळते. अॅक्रिलिकही चालेल, पण त्यात ड्रिल जोराने दाबलं की तडा जातो. एमडीएफची (लाकडाच्या लगद्याच्या दाबलेल्या फळीची) जिग उन्हाळ्यात छान चालते आणि जुलैत दगा देते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठक्क असते, पावसाळ्यात तीच ओली गच्च. एमडीएफ फुगतो आणि खिळ्याचं भोक ढिलं पडतं. साधा ६ मिमी प्लाय वाकतो, त्याची कड लहरी निघते.

पट्टी ४५० लांब, १३० रुंद कापा. मधोमध, लांबीभर, टोकदार खिळ्याने एक रेघ ओढा. पेन्सिलची रेघ जाड पडते.

ट्रिमरची मूळ प्लेट काढा आणि डबल टेपने पट्टीच्या एका टोकाला, रेघेवर बरोबर मधोमध चिकटवा. तिचीच भोकं मार्क करून पट्टीत भोकं पाडा आणि खालच्या बाजूने काउंटरसिंक करा, म्हणजे भोकाचं तोंड रुंद करा. स्क्रूचं डोकं पट्टीच्या पातळीच्या आत गेलं पाहिजे. बोट फिरवून बघा. थोडंसंही वर राहिलं तर प्रत्येक फेरीला कामावर चरा ओढत जाईल. बिटसाठी २० ते २५ मिमीचं भोक घ्या. एवढ्यातून बिट दिसतो आणि भुसाही निघतो.

आता मशीन पट्टीवर बसवा, बिट लावा. प्लग काढलेला. हे मोजमाप करताना आधी बिट हाताने फिरवून त्याची धार बरोबर रेघेवर, खिळ्याच्या दिशेला आणा. दोन धारांचा बिट अंडाकृती आहे असं समजा: धारेकडून ६ मिमी, आडवा धरला तर कमी. धार कुठेही असताना मोजलं की अर्धा-पाऊण मिलिमीटर तिथेच जातो.

मोजायचं कुठून, यात नवीन माणूस हमखास चुकतो:

गोल तुकडा हवा असेल, म्हणजे टॉप किंवा पोळपाट, तर खिळ्याच्या मध्यापासून बिटच्या जवळच्या धारेपर्यंत त्रिज्या. ६०० च्या टॉपला ३०० मिमी.

भोक हवं असेल तर खिळ्याच्या मध्यापासून बिटच्या लांबच्या धारेपर्यंत. पंख्याच्या रिंगचा बाहेरचा व्यास ३०० असेल तर ४ मिमी सैल सोडून भोक ३०४ चं, त्रिज्या १५२. बिट ६ मिमीचा असल्यामुळे जवळची धार १४६ वर येईल.

उलटं मोजलं की व्यासात सरळ १२ मिमीचा फरक. टॉप ५८८ चा निघेल, भोक ३१६ चं पडेल. टॉप एकवेळ खपून जाईल, पण वाढलेल्या भोकात पंख्याची रिंग धरतच नाही.

माप पडलं की पंचने खूण करून ४ मिमी ड्रिलने भोक पाडा. ड्रिल सरळ उभं राहिलं पाहिजे. गुण्या शेजारी उभा करा किंवा आधी पाडलेल्या जाड ठोकळ्यातून ड्रिल घाला. आता ते जुनं ४ मिमीचं ड्रिल घ्या. त्याची मागची गुळगुळीत दांडी हाच तुमचा खिळा. ज्या मापाच्या ड्रिलने भोक पाडलं त्याच मापाची दांडी असल्याने ती बोटाच्या दाबाने आत जाते आणि हलत नाही. स्क्रू किंवा नेहमीचा खिळा वापरू नका. स्क्रूचे आटे दोन फेऱ्यांत भोक खातात, आणि बाजारातला खिळा पूर्ण गोल कधीच नसतो.

भोक जिथे हवं त्याच्या अर्धा मिलिमीटर शेजारीच आधीचं भोक असेल तर नवं पाडता येत नाही, दोन्ही एक होतात. त्यासाठी पट्टीवर मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना २० मिमीवर आणखी दोन रेघा ओढा. खिळा रेघेवरच असला पाहिजे असं काही नाही, बिटपासूनचं अंतर बरोबर असलं की झालं. फक्त धार त्या नव्या भोकाच्या दिशेला वळवून मोजा. प्रत्येक भोकाशेजारी व्यास कोरून ठेवा, आणि टॉपसाठी की भोकासाठी तेही.

आधी रद्दी प्लायवर

नव्या भोकावर थेट कामाला हात घालू नका. रद्दी तुकड्यावर २ मिमी खोल चर पाडा आणि व्यास दोन दिशांनी, एकमेकांना काटकोनात, मोजा. दोन्ही मापं सारखी पण १ मिमी जास्त आली तर त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरने कमी करायची. दोन्ही मापं वेगळी आली तर खिळा सैल आहे. मापाशी खेळू नका, खिळा बदला.

काम बसवणं

चांगली बाजू खाली. खिळ्याचं भोक मागच्या बाजूला, ८ ते ९ मिमी खोल, आरपार नाही. ड्रिलला ९ मिमीवर मास्किंग टेप गुंडाळा, टेप लाकडाला टेकली की थांबा. टीपॉयला हे भोक खाली लपून जातं. पोळपाटालाही वरच्या बाजूला भोक नकोच, कणीक अडकून राहते. दोन्ही बाजू दिसणार असतील तर ६ मिमी प्लायचा तळहाताएवढा तुकडा डबल टेपने मधोमध चिकटवा आणि खिळा त्यात घाला. मात्र मग जिगखाली राउटरच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा तुकडा लावावा लागतो, नाहीतर बिट तिरका उतरतो. मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडखाली डबल टेपचा गोंद मऊ होतो. टेपवरचं काम सकाळीच उरका, आणि चिकटवण्याआधी भुसा ओल्या नव्हे, कोरड्या कापडाने पुसा.

खाली एक रद्दी फळी हवीच. बिट शेवटच्या फेरीत त्या फळीत १ मिमी उतरतो आणि खालच्या कडेला आधार मिळाल्याने कपच्या उडत नाहीत. कामाची चौकट चारही कोपऱ्यांत, गोलाच्या बऱ्याच बाहेर, स्क्रूने खालच्या फळीला जखडा. क्लॅम्प जिगच्या वाटेत येतात, स्क्रू येत नाहीत. गोल तुकड्याखालीही डबल टेपच्या तीन-चार पट्ट्या लावा. शेवटच्या फेरीत तुकडा सुटतो, आणि सुटलेला तुकडा हलला की बिट त्यात घुसतो.

मग मशीन बंद ठेवून जिग एक पूर्ण फेरी फिरवा. वायर कुठे अडते, हात कुठे उलटा पडतो, टेबलाची कड कुठे मध्ये येते, सगळं आत्ताच कळतं. वायर खांद्यावरून मागे घ्या.

कापणी

सुतारी हिशेबात एका फेरीला एक सूत, म्हणजे ३ मिमी. ६ मिमी बिटला आणि ट्रिमरला एवढंच झेपतं. १८ मिमी प्लायला सहा फेऱ्या आणि खालच्या फळीत उतरणारी सातवी. दोन फेऱ्यांत उरकायला गेलात तर बिट वाकून चालतो, कड खाली तिरकी निघते, आणि कधीकधी बिट मोडतो.

टॉप किंवा पोळपाट कापताना राउटर घड्याळाच्या उलट दिशेने न्या. भोक कापताना घड्याळाच्या दिशेने. कारण असं: वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि पुढे ढकलताना डावीकडे ओढ घेतो. तुम्हाला ठेवायची ती कड नेहमी डाव्या हाताला राहिली पाहिजे. उलट नेलं तर बिट लाकडावर चढतो आणि मशीन हातातून पुढे पळतं.

ट्रिमरला प्लंज नसतं, मग बिट उतरवायचा कसा? खिळा भोकात घाला, राउटरची बाजू बिट लाकडापासून सुटेल एवढीच उचला, मशीन चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या आणि पुढे सरकवतच हळूहळू टेकवा. पट्टी लांब असल्याने एवढ्याशा उचलण्याने बिट जेमतेम अर्धा अंश तिरका होतो. एका जागी उभा दाबू नका, तिथे जळका डाग पडतो.

फेरी अखंड घ्या. ६०० च्या गोलाची कड १,८८५ मिमी. एका फेरीला ४० ते ५० सेकंद लागले तर वेग बरोबर. सुरुवातीच्या जागेच्या २५ मिमी पुढे जाऊन मग उचला. फेरी संपली की मशीन बंद, प्लग बाहेर, चरातला भुसा ब्रशने साफ, मग पुढचा एक सूत. भुसा चरात राहिला तर पुढच्या फेरीत तोच तापतो. जिगखाली राहिला तर पट्टी उचलली जाते.

भुसा कसा येतो ते पाहत राहा. बारीक, कुरकुरीत कातर उडत असेल तर ठीक. पिठासारखा तपकिरी भुसा येत असेल आणि जळका वास असेल तर तुम्ही फार हळू चालला आहात किंवा धार गेली आहे. मशीनचा आवाज खाली बसत असेल तर फार जोरात ढकलताय.

शेवटच्या दोन फेऱ्या १ मिमीच्या घेतल्या तरी चालतील. खालची कड त्यातच साफ येते.

भोक असेल तर एक गोष्ट वेगळी. इथे खिळा ज्या तुकड्यात आहे तोच वाया जाणारा आहे. शेवटच्या फेरीत तो सुटला की केंद्रच सुटलं, आणि बिट चांगल्या प्लायमध्ये शिरला. म्हणून मधला तुकडा खालच्या फळीला दोन स्क्रूंनी घट्ट जखडा, फक्त जिगची वाट सोडून आणि डोकी आत बुडवून.

सागवानाचं वेगळं

प्लायच्या कडेला सगळीकडे सारखंच लाकूड मिळतं. सागवानी फळीत तसं नसतं. गोलाच्या चार पावांपैकी समोरासमोरच्या दोन पावांत बिट रेषांच्या विरुद्ध चालतो आणि तिथे कपच्या निघतात. उपाय दोन टप्प्यांचा: आधी त्रिज्या १ मिमी जास्त ठेवणाऱ्या भोकातून पूर्ण गोल कापा, मग खऱ्या मापाच्या भोकातून ती १ मिमीची साल काढा. एवढ्याशा सालीला कपची उडवायची ताकद नसते. याचसाठी पट्टीवर वेगळ्या रेघेवर दुसरं भोक ठेवायचं.

गोल कापण्याआधी लाकूड मुरलेलं हवं. सहाशे मिमी रुंद सागवानी टॉप आडव्या रेषांमध्ये उन्हाळा-पावसाळ्यात तीन-चार मिलिमीटर सहज आक्रसतो-फुगतो. लांबीत जवळपास काहीच नाही. म्हणजे मे महिन्यात कापलेला अचूक गोल ऑगस्टमध्ये किंचित अंडाकृती असणारच. पोळपाटाच्या आकारात हे कळतही नाही. मोठ्या टॉपला मात्र खालून आडवी पट्टी फेव्हिकॉलने पक्की चिकटवू नका, लांबट भोकात स्क्रूने धरा, नाहीतर फळी फाटते.

बिघडलं तर

जोडावर पायरी: खिळा सैल, किंवा फेरीच्या शेवटी हात सैल सोडला.

चर आपोआप खोल होत जातो: बिट कॉलेटमधून खाली सरकतोय. भुसा वर फेकणारा स्पायरल बिट स्वतःला खाली ओढतो. कॉलेट पुसून कोरडा करा, दांड्यावर मार्करची रेघ मारून ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर ती रेघ जागेवर आहे का बघा.

कड काळी: हळू चाल, बोथट धार, किंवा व्होल्टेज कमी. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज पडतं, त्यात बारीक वायरचं लांब एक्सटेन्शन असलं की मशीन दम टाकतं. २.५ चौरस मिमीची वायर वापरा आणि गुंडाळी पूर्ण उलगडा.

कड लहरी: पट्टी वाकतेय, किंवा तुम्ही राउटर खाली दाबण्याऐवजी बाहेर ओढताय.

मधेच लाइट गेली तर आधी मशीनचं बटण बंद करा, मग बाकी सगळं. लाइट परत येताच चरातला बिट एकदम सुरू होतो आणि मशीन उडी मारतं. उन्हाचा डोक्याला बांधलेला दुपट्टा काम करताना काढून ठेवा. त्याचं लोंबतं टोक बिटमध्ये गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही.

कडेचं शेवटचं काम

कड १२० च्या पॉलिश पेपरने, मग २२० ने. पेपर बोटांत धरून नाही, रुंद ठोकळ्यावर गुंडाळून आणि नेहमी कडेच्या दिशेनेच, नाहीतर गोलात सपाट जागा पडतात. प्लायच्या कडेवरच्या बारीक पोकळ्या त्याच प्लायचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा. एक्झॉस्टच्या भोकाची आतली कड उघडी सोडू नका. तिला प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या, पाणी आधी तिथूनच थरांत शिरतं. पोळपाटाला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून दुसरा हात. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल लावलं तर महिन्याभरात त्याला खवट वास येतो आणि तो पोळीला लागतो.